झऱ्याभोवतीचे सदतीस गाळे

जव्हारच्या जुन्या पागेमागे ऐनाचे बेचाळीस खांब आणि एकशे अठरा आडवे वासे पडले होते. घोड्यांचं आवार दुसरीकडे हलवलं तेव्हा हे कुंपण उपटून तिथं रचून ठेवलेलं होतं. मी प्रत्येक खांब उलटा करून पाहिला. चार खांबांचे बुंधे वाळवीने पोखरले होते. बोट घातलं की भुसा येई. वाशांपैकी पाच लांबीभर चिरलेले निघाले. बाकी माल उत्तम. म्हणजे कामाचे खांब अडतीस, वासे एकशे तेरा. खांब सात फुटी, प्रत्येकाला एकाखाली एक अशी तीन भोकं आधीच पाडलेली; वाशांची टोकं त्या भोकांच्या मापाने तासलेली. दोन खांबांत आठ फुटांचा गाळा पडे. त्यात कमीजास्त करायला जागा नव्हती.

हे लाकूड कुणाला मिळणार हे ठरलं ते रुपीमुळे.

मी मुंबईहून बी.एस्सी. होऊन परत आलो होतो आणि दरबारच्या बांधकाम खात्यात नुकताच लागलो होतो. माझं शिक्षण दरबारच्या शिष्यवृत्तीवर झालेलं, त्यामुळे सांगतील ते काम आनंदाने करायचं असं मी ठरवलं होतं. होळीनंतरच्या आठवड्यात सूर्यमाळेकडच्या एका पाड्यावरची बाई कचेरीत आली. तिच्या हातात वाळक्या दुधीचं तुंबं होतं. तिने ते सरळ आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"काय आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"पानी. आमचं. पी."

शिपाई तिला मागे ओढायला लागला तर तिने त्याचा हात झटकला. साहेबांनी तुंबं कपात ओतलं. चहाला दूध जास्त झालं तर जसा रंग येतो तसा रंग होता, आणि वास गोठ्याचा.

"आतापासून असं," रुपी म्हणाली. "पाच पाड्यांची ढोरं झऱ्यात उतरतात. वैशाखात तुडवून तुडवून झऱ्याचं तोंड बुजतं. मागच्या साली बुजलं, आमी उकरलं. औंदा बुजलं तर पाडा उठंल. सासू म्हनते, दोनदा चूल हलवली, तिसरी मी मांडणार नाय. इथंच मरंन म्हनते. ती म्हनते तसं करते, साहेब. म्हनून मी आले."

साहेबांनी पाणी प्यायलं नाही, पण बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "मधु, पागेमागचा माल या बाईच्या झऱ्याला दे. चहूबाजूंनी बंदिस्त कुंपण. पण एवढाच माल. रानातलं नवं झाड तोडायची परवानगी पावसाळ्यानंतरच निघेल. त्यात बसव."

रुपीने रिकामं तुंबं उचललं आणि मला विचारलं, "तू मोजणार काय?"

"हो."

"मंग चल."

पाडा म्हणजे उतारावर विखुरलेली अकरा घरं, कुडाच्या भिंतींची. मी पोचलो तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं. रुपीची सासू गौराबाई ओट्यावर बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेली आणि पितळेच्या तांब्यात पाणी घेऊन आली. पाणी स्वच्छ होतं. मी गटागटा प्यालो आणि अजून मागितलं. तिने अजून दिलं.

नंतर फागूने, म्हणजे रुपीच्या नवऱ्याने, हसत हसत सांगितलं, "मास्तर, ते सकाळपासून फडक्यातून गाळलेलं होतं. तीनदा गाळायचं, मंग निवळायचं. आख्ख्या घराचं प्यायचं पानी प्यालास तू."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी गौराबाईकडे वळून आभार मानू लागलो तर ती म्हणाली, "उन्हातून आला त्याला काय गढूळ देऊ? तू मोज बरोबर. आनखी काय नको."

बंडीच्या खिशात पेन्सिल असलेला कुणीही तिथं मास्तरच. मी ते नाव मुकाट्याने घेतलं.

झरा घरांच्या वर, रानाच्या कडेला होता. काळ्या खडकाच्या फटीतून बोटभर धार येई आणि खाली हात-दीड हात खोल खड्ड्यात साठे. खड्ड्याभोवती खुरांचे ठसे इतके दाट की एकावर एक पडून जमिनीची लापशी झालेली. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक म्हैस आरामात उतरली, खड्ड्यात पुढचे दोन पाय घालून प्याली आणि निघताना मागे शेणाचा पो टाकून गेली. फागू तिला दगड मारीत म्हणाला, "ही शेजारच्या पाड्यावरच्या जिवाची. हिला काय वाटत नाय, जिवालापन काय वाटत नाय."

पाणी किती गढूळ आहे ते मला आकड्यात हवं होतं. माझ्या सदऱ्याची एक पांढरी गुंडी सुटायला आली होती. ती तोडून दोऱ्याला बांधली आणि खड्ड्यात सोडली. दोन इंचांवर दिसेनाशी झाली.

"गुंडी बुडवून काय करतोस?" रुपीने विचारलं.

"किती खोलवर दिसते ते पाहतो."

"ते मी तुंब्यात दाखवलं होतं की."

मग फीत धरून मी आखणी केली. जितकं लहान वर्तुळ तितका कमी माल, म्हणून आधी आतून आखून पाहिलं. फागूने खालच्या अंगाला पहार मारली तर हातभर खोलीवरच भोकात पाणी भरलं आणि पहार आपोआप आडवी झाली. त्या चिखलात खांब उभा राहिलाच नसता. कोरड्या, घट्ट जमिनीवरून फिरायचं तर खालून सपाट शेताचा बांध, दोन्ही बाजूंनी मुरूम, आणि वरून करवंदीच्या जाळीची कड. सगळा फेरा भरला तीनशे वीस फूट. आठाने भागून चाळीस गाळे. बंद फेऱ्याला जितके गाळे तितकेच खांब, म्हणजे चाळीस. गाळ्याला तीन वासे, म्हणजे एकशे वीस. माझ्याकडे अडतीस आणि एकशे तेरा.

दोन खांब आणि सात वासे कमी. कुंपणाला तीन गाळ्यांचं भगदाड राहणार. पाच पाड्यांच्या ढोरांना एक गाळासुद्धा पुरतो.

मी तिथंच दगडावर बसलो. माझ्या तोंडाकडे पाहून रुपीने ओळखलं. "नाय पुरत?"

"थोडं कमी पडतं."

तिने वळून घराकडे पाहिलं. खाली ओट्यावरून गौराबाई आमच्याकडे बघत होती. तिला इतक्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण ती उठून आत गेली.

तेवढ्यात ढवळूबाबा काठी टेकीत वर आला. तो पाड्याचा भगत. वय सत्तरच्या पुढे, डोक्याला मळकं फडकं, आवाज मात्र खणखणीत. सगळा पाडा त्याच्यामागे आला, कारण भगत काय म्हणतो यावर सगळं ठरायचं होतं. त्याने फेऱ्यावर ठोकलेल्या खुंट्या पाहिल्या आणि विचारलं, "समद्या बाजूनं बांधशील?"

"हो बाबा. चहूबाजूंनी."

"मंग वाघोबा कुठून येल?"

मी म्हणालो, "वाघ येऊ नये हे बरंच ना?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फागू फिसकन हसला. "मास्तर, तू वाघ बघला का कधी?"

"मुंबईला. राणीच्या बागेत. पिंजऱ्यात."

"पिंजऱ्यात? आन त्याला पानी कोन देतो?"

"एक पगारी माणूस असतो."

"बाबा, ऐकलंस? तिथं वाघाला पानक्या हाय! आन इथं मानसाला नाय!"

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. ढवळूबाबा हसला नाही. तो म्हणाला, "दिवाळीच्या वाघबारशीला आमी त्याला दरसाली सांगतो. तुझं रान तुला, आमचं घर आमाला. पानी दोघांचं. आता तू त्याच्या पान्याला आडवं लाकूड लावनार, तर बोलनं मोडलं. मी बोललो ते मी मोडू? खड्डा एक खणू देनार नाय."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो म्हणत होता ते मला अन्यायाचं वाटलं नाही. पाणी मी मोजत होतो, पण ते कुणाकुणाचं आहे हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी विचार करून म्हणालो, "एका गाळ्यात खालचे दोन वासे काढू. वरचा एकच ठेवू. गाय जाणार नाही, वाघ खालून जाईल."

ढवळूबाबाने काठी टाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एका न दिसणाऱ्या वाशाखालून वाकून जायला लागला. डोक्याचं फडकं खाली पडलं. तो तसाच वाकलेला, मान वळवून मला म्हणाला, "असा? गावाचा राखनदार असा जाईल? तू दरबारात वाकतोस, तुझं ठीक. तो नाय वाकत."

आता मात्र मीही हसलो. फडकं उचलून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "बरं बाबा, तो येतो कुठून ते तरी दाखवा."

"दाखवतो की."

तो करवंदीच्या जाळीपाशी गेला. फागूने कोयत्याने फांद्या बाजूला सारल्या, रुपीने वेली ओढल्या, आणि जाळीच्या पोटातून काळाभोर कातळ उघडा झाला. मी ज्या कडेवरून फीत नेली होती तिच्याच रेषेत, उभा तासल्यासारखा. खाली ओलसर मातीत एक जुना, कडा ढासळलेला पंजा उमटलेला होता. ढवळूबाबाने काठीने कातळाचा माथा दाखवला. "तिथं बसतो. बघतो. मंग उडी मारतो. पानी पितो. परत उडी मारून वर. वाकत नाय, वळसा घेत नाय."

"आणि ढोरं इथून उतरतात?"

फागू म्हणाला, "इथून? जिवाची म्हैससुद्धा नाय! पाय मोडंल."

मी फितीचं टोक रुपीच्या हातात दिलं आणि तिला कातळाच्या एका कडेला उभं केलं. उंची साडेपाच फूट. रुंदी, जिथं गाय चढू किंवा उतरू शकणार नाही अशी, बरोबर चोवीस फूट.

चोवीस फूट म्हणजे तीन गाळे.

मी दगडावर पेन्सिलीने परत मांडलं. राहिले सदतीस गाळे. फेरा आता बंद नव्हता, दोन टोकं उघडी. म्हणून खांब गाळ्यांपेक्षा एक जास्त, अडतीस. वासे एकशे अकरा. माझ्याकडे अडतीस खांब होते आणि एकशे तेरा वासे.

"पुरतं!" मी ओरडलो असेन, कारण खालची कुत्री भुंकायला लागली. "बाबा, पुरतं! इथं लाकूड लागतच नाही. इथं वाघोबाची वाट उघडी, आणि बाकीचं सगळं बंद."

ढवळूबाबाला माझ्या आकड्यांशी कर्तव्य नव्हतं. पण वाट उघडी राहणार एवढं त्याने नीट ऐकलं आणि मान हलवली. मी त्याच्या पाया पडलो. त्याने मागे सरून म्हटलं, "माझ्या कशाला पडतो? कातळाच्या पड." मी कातळाला हात लावून नमस्कार केला. तेव्हा कुणी हसलं नाही.

लाकूड बैलगाड्यांनी घाटाच्या पायथ्यापर्यंत आलं. तिथून वर गाडी जात नाही. पाड्याची सगळी माणसं, बायका धरून, ऐनाचे ते जड खांब खांद्यावर घेऊन चढली. ज्यांची ढोरं झऱ्यात उतरत, त्या शेजारच्या पाड्यांवरचेही काही आले. जिवासुद्धा आला, म्हशीला घरी बांधून. मी एका खांबाचं टोक धरलं तर फागू म्हणाला, "सोड मास्तर, तू मोज. तू उचललंस तर आमाला खांबासंगं तुला पन उचलावं लागतं." तरी मी ते सोडलं नाही. घाटाच्या वळणावर हौशी नावाची एक म्हातारी आंबिलीचं मडकं आणि वाटी घेऊन उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाला एक एक घोट देत. मला ती इतकी गोड लागली की तिची वाटी परत देताना मी दोन्ही हातांनी दिली.

खणायच्या दिवशी सगळं मांडून ठेवलं होतं, खुंटीपाशी एक एक खांब. फागूने पहिली पहार मारली, आणि ढवळूबाबाने पुढे येऊन पहिला खांब उचलायला लावला. दोघांनी तो उचलून कातळाच्या माथ्यावर नेऊन आडवा ठेवला.

मी धावत गेलो. "बाबा, हे काय?"

"पयला देवाचा."

"तो मोजलेला आहे! एकही जास्तीचा नाही!"

"मोजलेला म्हनून तर देवाचा. उरलेलं कोन देतं देवाला?"

मी पुष्कळ समजावलं. त्याचं एकच, नवं भात आधी देवाला, नवी नागली आधी देवाला, तशी नवी लाकडं आधी देवाला. त्यात आधी विचारायचं काय असतं हेच त्याला कळेना. वाळवी लागलेल्या चारांपैकी एक देवाला द्या असं मी म्हटलं तेव्हा तो असा पाहायला लागला की मी वाक्य अर्धंच सोडलं.

सदतीस गाळे, सदतीस खांब. शेवटच्या गाळ्याला एका बाजूने खांब नाही. तीन वासे कशात बसणार?

गौराबाई त्या दिवशी पहिल्यांदा वर आली होती. ती म्हणाली, "मास्तर, उगी ऱ्हा. बस जरा. पानी पी." आणि खरंच तांब्या पुढे केला. त्या गाळलेल्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन मी कातळाला टेकलो. पाठीला दगडाचा गारवा लागला.

खांब कशासाठी असतो? वाशाचं टोक अडकवायला भोक पाहिजे म्हणून. खांब लाकडाचाच असला पाहिजे असं कुठं आहे?

मी वळून कातळावर पेन्सिलीने तीन खुणा केल्या, जमिनीपासून दीड फूट, तीन फूट, साडेचार फूट. "फागू, इथं भोकं पडतील?"

फागूने छिन्नी लावून एक ठोका मारला आणि कान देऊन आवाज ऐकला. "पडतील. संध्याकाळ होईल. पन पडतील." मग छिन्नी जिवाच्या हातात दिली. "घे, तुझ्या म्हशीनं सुरू केलं ते तू संपव."

दोघांनी आळीपाळीने ठोकलं. चार-चार इंच खोल तीन भोकं. उन्हं कलली तेव्हा शेवटच्या गाळ्यातले वासे एका टोकाने ऐनाच्या खांबात आणि दुसऱ्या टोकाने दगडात शिरले, आणि मी त्यांवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला तरी हलले नाहीत.

घरांकडच्या एका गाळ्यात वासे सरकते ठेवले, हंडा घेऊन बाई आत जाईल इतके. उरलेले दोन वासे त्या दाराशी दगडांवर आडवे टाकले, हंडे टेकायला. झऱ्याचं वाहतं पाणी बाहेर एका जुन्या लाकडी डोणीत सोडलं, ढोरांसाठी. जिवाच्या म्हशीने पहिल्या दिवशी डोणीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि डोणीतलं प्याली.

देवाच्या खांबावर ढवळूबाबाने सूर्य, चंद्र आणि वाघ कोरला आणि तो कातळाच्या माथ्यावर उभा केला. शेंदूर लावताना मला बोलावलं. मी नारळ वाढवला. त्या खांबासाठी मी किती भांडलो होतो हे तिथं कुणीही काढलं नाही.

वैशाख संपत आला तेव्हा मी परत गेलो. साहेबांना काम पाहून कळवायचं होतं, पण त्यांनी पाठवलं नसतं तरी मी गेलो असतो. वाटेतले ओहोळ कोरडे पडलेले. गौराबाई ओट्यावर बसली होती. तिच्या मागे चूल पेटलेली होती आणि तिच्यावर पातेलं रटरटत होतं. मी काही विचारायच्या आत ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"गाळलेलं?" मी विचारलं.

"आता कशाला गाळू?" ती म्हणाली. "बस. पी. मंग जा वर, तुझी गुंडी बुडव."

रुपी माझ्याबरोबर आली. सरकते वासे तिने एका हाताने बाजूला केले. कुंपणाच्या आत खुराचा एकही ठसा नव्हता. चिखलावर बारीक गवत आलं होतं. कातळाखालच्या ओल्या मातीत एक ताजा पंजा होता. मी त्यावर पाय पडू न देता वळसा घेतला. रुपी म्हणाली, "परवाचा. बाबा येऊन बघून गेला. लई खूश झाला."

मी गुडघ्यांवर बसलो, दोऱ्याला बांधलेली तीच गुंडी खिशातून काढली आणि पाण्यात सोडली. ती तळाला जाऊन टेकली. दोरा पाण्याच्या पातळीशी चिमटीत धरून वर काढला आणि फितीला लावला.

खोली एक फूट सात इंच. तळाला टेकलेल्या गुंडीची चारही भोकं दिसली होती.